‘फिर्यादीची मानसिक तपासणी करा’ असा अर्ज आला तर

दोषारोपपत्र दाखल झालेलं असतं, साक्षीची तारीख लागलेली असते. मन घट्ट करून तुम्ही कोर्टात येता आणि सरकारी वकील बाजूला घेऊन सांगतात, की आरोपीच्या वकिलांनी एक अर्ज दिला आहे. फिर्यादीचं मानसिक संतुलन ठीक नाही, तिच्यावर पूर्वी उपचार झाले आहेत, ती भ्रमात बोलते आहे. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडून तिची तपासणी व्हावी आणि अहवाल येईपर्यंत साक्ष थांबवावी.

ज्याच्यावर गुन्हा झाला त्याच्याच डोक्यात बिघाड आहे का ते बघा, अशी ही मागणी आहे. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत आणि घरगुती हिंसेच्या प्रकरणांत ती विशेष करून पुढे येते. अशा वेळी पीडित व्यक्ती दोनपैकी एक काहीतरी करते. ‘मी खरी आहे, मला कसली भीती?’ म्हणून घाईघाईने होकार देते, नाहीतर खचून जाऊन तारखांनाच येईनाशी होते. दोन्हींत नुकसान आहे. तिसरा, कायद्याने दिलेला रस्ता असा, की शांतपणे, लेखी आणि वकिलामार्फत विचारायचं: ही तपासणी कुठल्या कलमाखाली मागता आहात आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी?

या दोन प्रश्नांवरच असे बहुतेक अर्ज अडायला हवेत.

पहिला प्रश्न कलमाचा. १ जुलै २०२४पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ५१ प्रमाणे (जुनं कलम ५३) पोलिसांच्या विनंतीवरून अटकेतल्या आरोपीची वैद्यकीय तपासणी करता येते आणि त्यासाठी गरजेपुरतं बळही वापरता येतं. पीडितेच्या बाबतीत कायद्याची भूमिका अगदी वेगळी आहे. बलात्कार किंवा बलात्काराच्या प्रयत्नानंतरची तपासणी कलम १८४ खाली (जुनं १६४-अ) होते आणि तिचा पाया संमती हा आहे. संमती घेतली होती, हे डॉक्टरांनी अहवालात स्पष्टपणे नोंदवायचं असतं. कलमाच्या शेवटी कायद्याने पुन्हा बजावलं आहे, की पीडितेच्या किंवा तिच्या वतीने संमती देण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीच्या संमतीशिवाय केलेली कोणतीही तपासणी या कलमामुळे कायदेशीर ठरणार नाही.

याच कलमातली एक तरतूद मात्र नीट समजून घ्या, कारण विरुद्ध बाजू तिचा आधार घेऊ शकते. डॉक्टरांनी अहवालात ज्या गोष्टी लिहायच्या त्यांत पीडितेची ‘सर्वसाधारण मानसिक स्थिती’ हाही एक मुद्दा आहे. ती घाबरलेली होती का, बोलू शकत होती का, वेळ-स्थळाचं भान होतं का, रडत होती की सुन्न बसली होती, एवढंच डॉक्टर त्या दिवशी बघून नोंदवतात. ती खरं बोलते की खोटं, हे तिथे लिहायचं नसतं आणि त्या नोंदीच्या आधारावर पुढे वर्षभराने वेगळी मानसिक चाचणी मागण्याचा अधिकारही कोणाला मिळत नाही. आणखी एक कलम सांगितलं जाऊ शकतं, ३४९. त्याखाली दंडाधिकारी आरोपीच नव्हे तर कोणत्याही व्यक्तीला नमुने देण्याचा आदेश देऊ शकतात. पण कसले नमुने? सही, हस्ताक्षर, बोटांचे ठसे आणि आवाज. मनाचा नमुना त्या यादीत नाही.

म्हणजे पीडित व्यक्तीची विश्वासार्हता जोखण्यासाठी तिची मानसिक तपासणी करून घ्या, असं सांगणारं कलम या संहितेत नाही. अर्जदाराने दाखवायचं असतं ते आधी हेच.

सेल्व्ही खटला आणि ‘मानसिक खासगीपण’

या विषयातलं सगळ्यात भक्कम हत्यार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा ५ मे २०१० रोजीचा सेल्व्ही विरुद्ध कर्नाटक राज्य हा निकाल. नार्को, पॉलिग्राफ म्हणजेच लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग या तीन चाचण्या कुणावरही सक्तीने करता येणार नाहीत, असं तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं. त्याआधी २००४ मध्ये तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना परवानगी दिली होती. सेल्व्हीनंतर तो मार्ग बंद झाला.

हा निकाल आरोपींच्या हक्कांचा म्हणून ओळखला जातो, त्यामुळे त्यातला पीडितांविषयीचा भाग अनेकांच्या नजरेतून सुटतो. न्यायालयाने तिथे स्पष्ट म्हटलं आहे, की तपास लवकर व्हावा ही गरज कितीही खरी असली तरी गुन्ह्याला बळी पडलेल्या व्यक्तीवर या चाचण्यांची सक्ती करता येणार नाही. तसं करणं तिच्या मानसिक खासगीपणावर अनाठायी आक्रमण ठरेल आणि तिच्यावरचा कलंक वाढवेल. तुमच्या वकिलांनी हा परिच्छेद शोधून न्यायाधीशांपुढे ठेवायलाच हवा.

हे केवळ पुस्तकी नाही. २०२० मध्ये हाथरस प्रकरणात उत्तर प्रदेश सरकारने आरोपी आणि पोलिसांबरोबर पीडितेच्या कुटुंबीयांचीही नार्को आणि पॉलिग्राफ चाचणी करण्याचं जाहीर केलं होतं. सेल्व्हीचा निकाल येऊन तोवर दहा वर्षं झाली होती. कुटुंबाने नकार दिला आणि तो नकार पूर्णपणे कायद्याला धरून होता. पोलीस ठाण्यात कुणी ‘एकदा लाय डिटेक्टर करून घ्या, म्हणजे तुमचंच म्हणणं पक्कं होईल’ असं सुचवलं, तर हे आठवा. आपणहून चाचणीला तयार व्हायचंच असेल, तरी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २००० सालच्या मार्गदर्शक सूचना पाळाव्या लागतात: संमती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवलेली हवी, वकील मिळायला हवा, परिणामांची कल्पना दिलेली हवी. माझं मत विचाराल तर पीडित व्यक्तीने या वाटेला जाऊच नये. भेदरलेल्या माणसाची नाडी आणि घाम मोजणारं यंत्र त्याचा खरेपणा मोजत नाही, आणि एकदा आलेला गोंधळलेला अहवाल पुढे वर्षानुवर्षं तुमच्याच विरुद्ध वाचला जातो.

सेल्व्ही निकाल थेट या तीन तंत्रांपुरता आहे, हेही माहीत असू द्या. समोरचे वकील म्हणतील, ‘आम्ही नार्को मागतच नाही, साधी मानसोपचारतज्ज्ञाची मुलाखत मागतो आहोत.’ त्याला उत्तर आहे. निकालाचा आधार ‘मानसिक खासगीपण’ हे तत्त्व आहे आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवल्यावर ते आणखी पक्कं झालं आहे. खासगीपणावर अतिक्रमण करायचं तर त्याला कायद्याचा आधार हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूच्या मानाने ते प्रमाणात हवं. कलमच नाही, तिथे पहिलीच कसोटी पार होत नाही.

साक्षीदार समजतो का, आणि साक्षीदार खरा आहे का

दुसरा प्रश्न हेतूचा. इथे दोन वेगळ्या गोष्टी मुद्दाम एकत्र केल्या जातात. साक्ष देण्याची क्षमता ही एक गोष्ट आणि साक्षीचा खरेपणा ही दुसरी.

क्षमतेबद्दल भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १२४ (जुनं ११८) आहे. ज्याला प्रश्न समजतात आणि ज्याला त्यांची सुसंगत उत्तरं देता येतात, तो साक्षीदार. वय लहान असो की फार मोठं, आजार शरीराचा असो की मनाचा, कसोटी एवढीच. मानसिक आजार असलेली व्यक्तीसुद्धा केवळ त्या कारणाने अपात्र होत नाही. ही कसोटी घ्यायची कुणी? न्यायाधीशांनी. साक्षीच्या सुरुवातीला ते स्वतः चार साधे प्रश्न विचारतात: नाव काय, कुठे राहता, आज इथे कशासाठी आलात, खरं बोलायचं म्हणजे काय. उत्तरं नीट आली की साक्ष सुरू. म्हणून अर्जात ‘फिर्यादीला प्रश्न समजत नाहीत’ असा मुद्दा असेल, तर तुमच्या बाजूने साधी विनंती करता येते: न्यायालयाने स्वतः प्रश्न विचारून खात्री करावी.

खरेपणाचा निर्णय तर पूर्णपणे न्यायाधीशांचा आहे. त्यासाठी उलटतपासणी आहे, कागदपत्रं आहेत, इतर साक्षीदार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ आजार ओळखू शकतो, त्याच्यावर उपचार करू शकतो. अमुक रात्री अमुक खोलीत काय घडलं हे त्याला सांगता येत नाही. कुठल्याही प्रामाणिक तज्ज्ञाला विचारा, तो हेच सांगेल.

अविश्वासाचा हा वारसा जुना आहे आणि तो आपल्याकडेच आहे असं नाही. पुराव्याच्या कायद्यावर अमेरिकेत प्रमाण मानले गेलेले जॉन हेन्री विगमोर यांनी तर असं लिहून ठेवलं होतं, की लैंगिक गुन्ह्याची तक्रार करणाऱ्या स्त्रीची मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी झाल्याशिवाय खटला ज्यूरीपुढे जाऊच देऊ नये. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बॅलर्ड खटल्यात अशी तपासणी सांगण्याची मुभा न्यायाधीशांना दिली. पुढे तिथल्या विधिमंडळाने १९८० मध्ये दंडसंहितेत कलम १११२ घालून ती मुभा काढून घेतली: लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडितेची किंवा साक्षीदाराची विश्वासार्हता तपासण्यासाठी न्यायालयाने मानसिक तपासणीचा आदेश द्यायचा नाही. आपल्याकडे इतक्या थेट शब्दांतलं कलम नाही. ते असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तोवर मात्र आपले निकाल आणि कलमं एकत्र ठेवून तीच भिंत बांधावी लागते.

त्या भिंतीतला एक मोठा दगड म्हणजे दोन बोटांच्या चाचणीविरुद्धची लढाई. शरीर तपासून चारित्र्य ठरवणारी ती चाचणी हटवण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचाराच्या वैद्यकीय तपासण्यांतल्या उणिवांचा अहवाल तयार केला आणि डॉ. रंजना पारधी यांनी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. २०१३ मध्ये लिल्लू विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी पीडितेच्या खासगीपणाचा, शरीराचा आणि मनाचा भंग करते असं म्हटलं. २०२२ मध्ये शैलेंद्र कुमार राय निकालात ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरण्यापर्यंत न्यायालय गेलं. तुमच्याविरुद्ध आलेल्या अर्जाशी याचा संबंध असा: मानसिक तपासणीच्या नावाखाली पूर्वीचे संबंध, लग्नाआधीची मैत्री, ‘स्वभाव’ यांची चौकशी सुरू झाली, तर ती त्याच जुन्या गोष्टीची नवी आवृत्ती आहे. साक्ष अधिनियमाची कलमं ४८ आणि १४९ संमतीच्या मुद्द्यावर पीडितेचं चारित्र्य किंवा पूर्वीचा लैंगिक अनुभव आणायला मनाई करतात. जे उलटतपासणीत विचारता येत नाही, ते डॉक्टरच्या खोलीत विचारून अहवालातून आणता येणार नाही.

जिथे तपासणी खरोखर लागू शकते

पीडित व्यक्तीला बौद्धिक अपंगत्व असेल तर गोष्ट बदलते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४(२) मध्ये मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रीवरचा बलात्कार हा अधिक गंभीर गुन्हा आहे. तेव्हा ते अपंगत्व सिद्ध करायची गरज सरकार पक्षालाच पडते आणि बुद्ध्यंक चाचणी, तज्ज्ञाची साक्ष हे ओघाने येतं. अशा कुटुंबांना माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला: अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड आधीच काढलेलं असेल तर त्याची प्रत तपास अधिकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात द्या. सरकारी मंडळाने केलेली नोंद हाताशी असताना त्या मुलीला ठाण्याच्या, येरवड्याच्या, नागपूरच्या किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात, गोव्यात असाल तर बांबोळीला, पुन्हा पुन्हा नेण्याचं कारण उरत नाही. तरी नेलंच तर जुना अहवाल सोबत ठेवा आणि चाचणी एकदाच व्हावी असा आग्रह धरा.

सौम्य अपंगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तीची संमती तिच्याऐवजी परस्पर पालकांनी देऊन टाकणंही बरोबर नाही. २००९ च्या सुचिता श्रीवास्तव निकालात सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या एका निवारागृहातल्या अशाच तरुणीचा स्वतःच्या शरीराविषयीचा निर्णय मानला होता. तिला समजेल अशा भाषेत सांगा, विशेष शिक्षकाची मदत घ्या, ती काय म्हणते ते लिहून घ्यायला लावा. विशेष शिक्षक किंवा दुभाषा मिळणं हा नागरिक सुरक्षा संहितेनेच दिलेला हक्क आहे. अशा व्यक्तीचा जबाब चित्रमुद्रित करायचा असतो. आणि अपंग व्यक्तीची साक्ष दुबळी समजायची नाही, हे पटन जमाल वली निकालात २०२१ मध्ये सांगून झालं आहे.

दुसरा दरवाजा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०५ मधून उघडतो. एखाद्या खटल्यात कुणाच्या मानसिक आजाराचा पुरावा सादर झाला आणि समोरच्या बाजूने त्याला आव्हान दिलं, तर न्यायालय तो प्रश्न मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवतं. नुसता आरोप पुरत नाही. आधी पुरावा यावा लागतो. ‘ती गोळ्या घेते’ हा पुरावा नव्हे. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये दोन वाक्यं आहेत, ती तुमच्या वकिलांनी तोंडपाठ करावीत अशी आहेत. पूर्वी उपचार झाले किंवा रुग्णालयात राहावं लागलं, एवढ्यावरून आज मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. आणि मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून ती व्यक्ती वेडसर ठरत नाही; ते सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं. मात्र तुम्ही स्वतःच मानसिक हानीबद्दल नुकसानभरपाई मागितली आणि त्यासाठी कागद लावले, तर तो विषय तुम्ही वादात आणलेला असतो. तसं करण्याआधी वकिलाशी नीट बोला.

घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याचे दावे ही सगळ्यात निसरडी जागा. घरगुती हिंसेची तक्रार केलेल्या बाईवर नवरा कौटुंबिक न्यायालयात उलट दावा लावतो, की हिलाच मानसिक आजार आहे, तपासणी करा. तिथे २००३ चा शारदा विरुद्ध धर्मपाल निकाल लागू होतो. त्याप्रमाणे वैवाहिक दाव्यात न्यायालय वैद्यकीय तपासणी सांगू शकतं आणि आदेश झाल्यावरही नकार दिला तर त्याचा प्रतिकूल अर्थ काढू शकतं. पण त्याच निकालात अटही आहे: अर्जदाराकडे प्रथमदर्शनी भक्कम बाजू आणि पुरेसं साहित्य हवं. त्यामुळे इथे नुसतं ‘मी जाणार नाही’ म्हणून बसू नका. नवऱ्याने कुठला कागद लावला आहे, कुठल्या डॉक्टरची चिठ्ठी, कुठली तारीख, हे लेखी विचारा. घरगुती हिंसेच्या २००५ च्या कायद्याखाली कलम १४ नुसार दंडाधिकारी समुपदेशन सांगू शकतात. ते समुपदेशन आहे, चाचणी नाही, आणि तिथे हिंसेचं समर्थन करायला नवऱ्याला मुभा नाही. फौजदारी खटल्यातली बाई आणि कौटुंबिक न्यायालयातली बाई एकच असते, म्हणून दोन्हीकडच्या वकिलांना एकमेकांचे कागद दाखवा. एकीकडे दिलेला होकार दुसरीकडे पोहोचतो.

उत्तर कसं द्यायचं

आरोपीने अर्ज दिला की न्यायालय सहसा सरकार पक्षाला म्हणणं मांडायला सांगतं. तुमची स्वतःची बाजूही ऐकली जावी, हा तुमचा हक्क आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८(८) प्रमाणे सरकार पक्षाला साहाय्य करण्यासाठी पीडित व्यक्तीला न्यायालयाच्या परवानगीने आपला वकील लावता येतो. आणि लखीमपूर खेरी प्रकरणातून आलेल्या २०२२ च्या जगजीत सिंग निकालाने पीडितांना प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेण्यावर भर दिला आहे. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१०० आहे.

हरकतीचा मजकूर लांबलचक नको. साधारण असा चालेल: ‘सदर अर्ज कोणत्या कायदेशीर तरतुदीखाली केला आहे हे नमूद नाही. फिर्यादीस प्रश्न समजतात व ती सुसंगत उत्तरे देऊ शकते. न्यायालयाने साक्ष अधिनियमाच्या कलम १२४ खाली स्वतः खात्री करावी. फिर्यादीच्या कथित मानसिक आजाराबाबत कोणताही पुरावा सादर केलेला नाही. साक्षीची विश्वासार्हता ठरवणे हा न्यायालयाचा अधिकार आहे, तज्ज्ञाचा नाही. सक्तीची मानसिक तपासणी ही सेल्व्ही व पुट्टस्वामी निकालांनी संरक्षिलेल्या खासगीपणाचा भंग ठरेल. फिर्यादी अशा तपासणीस संमती देत नाही. अर्जामुळे साक्ष लांबणीवर टाकू नये.’ शेवटचं वाक्य विसरू नका. अशा अर्जाचा खरा हेतू पुष्कळदा वेळ काढणं हाच असतो. सुनावणी बंद दाराआड घेण्याची विनंतीही याच वेळी करा. तुमच्या उपचारांवरची चर्चा भरल्या कोर्टात होण्याचं कारण नाही.

समजा हरकत फेटाळून आदेश झालाच, तर तो डावलू नका. आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा, आव्हान देण्यासाठी अंमलबजावणीला थोडी मुदत मागा आणि उच्च न्यायालयात जा. अंतरिम आदेशांविरुद्ध पुनरीक्षण चालत नाही, असा आक्षेप येऊ शकतो; म्हणून कलम ५२८ खालचे अंगभूत अधिकार किंवा संविधानाचा अनुच्छेद २२७ यांचा विचार वकील करतील. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि २०२५ पासून कोल्हापूर, यांपैकी तुमच्या जिल्ह्याला जे जवळचं पीठ लागू असेल तिथे.

आणि तपासणी टळलीच नाही तर तिच्या सीमा आखून घ्या. तज्ज्ञाला विचारायचा प्रश्न न्यायालयाने एका वाक्यात लिहून द्यावा. तज्ज्ञ सरकारी रुग्णालयातला असावा, आरोपीने निवडलेला नव्हे. तुमच्या विश्वासातली व्यक्ती सोबत असावी. घटनेबद्दल आणि लैंगिक पूर्वेतिहासाबद्दल प्रश्न नसावेत. अहवाल बंद लिफाफ्यात न्यायालयाकडे जावा आणि त्याची प्रत तुम्हालाही मिळावी. हे सगळं आदेशातच लिहिलेलं असलं पाहिजे. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

पीडित मूल असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम ३३ हाताशी ठेवा. वकिलांचे प्रश्न थेट मुलापर्यंत जात नाहीत, विशेष न्यायालयामार्फत जातात. मुलाला वारंवार कोर्टात बोलवायचं नाही, चारित्र्यहनन करणारे प्रश्न विचारू द्यायचे नाहीत. वैद्यकीय तपासणी कलम २७ प्रमाणे पालकांच्या किंवा मुलाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या हजेरीत होते. बालकल्याण समितीकडून साहाय्यक व्यक्ती मागून घ्या. पालकांना एकच विनंती: ‘मूल खरं बोलतंय’ असं प्रमाणपत्र आणण्यासाठी त्याला मानसशास्त्रज्ञाकडे नेऊ नका. असं प्रमाणपत्र कोर्टात फारसं कामाचं नसतं आणि मुलाला तीच गोष्ट पुन्हा एका अनोळखी माणसापुढे सांगावी लागते. त्याला झोप यावी, शाळेत जाता यावं, यासाठी मात्र जरूर न्या.

उपचार सोडू नका

या सगळ्या धास्तीने अनेकजणी समुपदेशनच टाळतात. ‘उद्या कोर्टात काढतील’ ही भीती निराधार नाही, पण तिच्यापायी स्वतःला उपचारांविना ठेवणं हा दुसरा अन्याय होतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि महापालिका यांनी २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रीला रुग्णालयातच आधार मिळावा म्हणून. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणी, पुराव्यासाठी नमुने आणि उपचार यांची संमती वेगवेगळी घ्यायची असते. तुम्ही पुराव्यासाठीच्या तपासणीला नकार दिला तरी उपचार नाकारता येत नाहीत. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ तर खासगी रुग्णालयांनाही बलात्कार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांवर विनामूल्य उपचार करायला बांधतं. संमतीच्या फॉर्मवर प्रत्येक बाबीपुढे स्वतंत्रपणे हो किंवा नाही लिहा, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका आणि एक प्रत मागून घ्या.

उपचारांच्या नोंदींना मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम २३ चं संरक्षण आहे. पण ते संरक्षण पूर्ण नाही: वकील आणि पक्षकार यांच्यातल्या संवादाला साक्ष अधिनियम जसं पूर्ण कवच देतो, तसं डॉक्टर-रुग्णाच्या बाबतीत देत नाही. कलम २३ मध्ये उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय किंवा सक्षम वैधानिक प्राधिकरणाच्या आदेशाचा अपवाद आहे. म्हणून समुपदेशकाला पहिल्याच भेटीत सांगा, की पोलिसांचं पत्र किंवा कोर्टाचं समन्स आलं तर फाइल लगेच हातात देऊन टाकू नका, आधी मला आणि माझ्या वकिलांना कळवा. पत्र नुसतं विरुद्ध बाजूच्या वकिलाचं असेल, तर त्याला काहीही देण्याचं बंधन नाही. समन्स असेल तर नोंदी न्यायाधीशांनी आधी स्वतः बघाव्यात आणि खटल्याशी संबंधित तेवढाच भाग बाहेर यावा, अशी मागणी करता येते. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.